बारा फटक्यांची सूट

आमच्याकडे गोल्फ खेळला जायचा असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हसतो. लग्नात, एसटीत, मुलाच्या सासरी, सगळीकडे हाच अनुभव. आता मी सांगणंच सोडलं आहे. पण दुसरबीडपासून थोडं आत, एका मुरमाड माळावर, आठ-नऊ प्रौढ माणसं दर रविवारी सकाळी काठ्या घेऊन एका पांढऱ्या चेंडूमागे फिरत होती आणि त्यातला एक मी होतो, हे खरं आहे. त्यातून कुणाचं काही भलं झालं नाही, हेही खरं आहे.

माळ धरणाच्या कॉलनीसाठी घेतलेला होता. कॉलनी अर्धी बांधून झाली आणि उरलेली जागा तशीच पडून राहिली. तिथं बदलून आलेल्या एका इंजिनिअर साहेबांनी नोकरीत कुठंतरी दूर हा खेळ शिकून घेतला होता. येताना त्यांनी जुन्या काठ्यांच्या दोन पिशव्या आणल्या आणि महिनाभरात माळावर सहा खड्डे करून घेतले. खड्डा म्हणजे ओंजळीएवढा. लांबून चेंडू मारत मारत यायचं आणि कमीत कमी फटक्यांत तो त्या खड्ड्यात घालायचा, एवढाच खेळ. टीव्हीवर खड्ड्याभोवती हिरवीगार लॉन दिसते. आमच्याकडे गवत पावसाळ्यापुरतं, म्हणून साहेबांनी प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूचा गोल केला आणि वारा वाळू उडवू नये म्हणून तिच्यात गॅरेजमधलं जळकं ऑइल कालवलं. त्या गोलाला आम्ही नुसतं वाळू म्हणायचो. उन्हं चढली की तिचा वास नाकात बसायचा आणि घरी गेल्यावर बायको कपडे वेगळे भिजवायची.

सहा खड्डे, दोन फेऱ्या, मिळून बारा. साडेसहाला सुरुवात, नऊ-साडेनऊला पोहे. यालाच आम्ही क्लब म्हणायचो. व्हॉट्सॲपवर ग्रुप होता, त्यात आठवडाभर शुभ सकाळ आणि शनिवारी एकदा ‘उद्या कोण कोण?’ एवढंच यायचं.

मी तेव्हा सुलतानपूरच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवत होतो. मास्तर आहे म्हटल्यावर वही माझ्याकडे आली, आणि वहीबरोबर नियमही. साहेबांकडे इंग्रजी नियमांची झेरॉक्स होती. मी रोज संध्याकाळी बसून तिचं मराठी केलं, सुवाच्य अक्षरात वहीत उतरवलं आणि रविवारी सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्यातले एक, कॉलनीच्या दवाखान्याचे डॉक्टर, मधेच फोनवर बोलत होते, त्यांना मी दोनदा थांबवलं. लोक मागून मला हेडमास्तर म्हणायचे ते मला माहीत होतं. शाळेत मला ते पद कधी मिळालं नाही, त्यामुळे मी ते टोमण्यासारखं न घेता मानासारखंच घेत होतो.

आमच्या खेळात कच्च्या माणसाला फटक्यांची सूट असायची, तेवढे फटके त्याच्या बेरजेतून कमी. पक्क्या खेळाडूला शून्य, त्याच्या खालच्याला दोन, त्याच्या खालच्याला पाच, असं. सूट सुरुवातीलाच वजा करून टाकायची, म्हणजे शेवटी घोळ नको. जो रविवारी जिंकेल त्याची सूट एकनं कमी व्हायची, जो शेवटी येईल त्याची एकनं वाढायची. हिशेब असा की हळूहळू प्रत्येकाला कधी ना कधी जिंकता यावं. आणि जिंकणाऱ्याला आमच्याकडे कप नव्हता, हार नव्हता. त्याला खड्ड्यांची जागा ठरवायचा मान होता. वाळूतल्या खड्ड्याच्या कडा एका रविवारच्या खेळातच ढासळतात, म्हणून दर रविवारी जुने बुजवायचे आणि नवे करायचे. जो जिंकला त्यानं वाळूवर फिरून बोट दाखवायचं, इथं, इथं आणि इथं. पुढच्या रविवारी माळ त्याच्या मर्जीचा. डॉक्टर नेहमी खड्डा अगदी काठावर ठेवायचे आणि मग सगळ्यांची फजिती बघत हसायचे. साहेब मधोमध ठेवायचे. ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे.

बोट दाखवणारे सगळे, खणणारा मात्र एकच होता.

तो सुलतानपूरचा भाजीवाला शेतकरी. वांगी, मेथी, कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. कॉलनीत भाजी द्यायला यायचा, एका रविवारी साहेबांना चौथा गडी कमी पडला आणि त्याला उभं केलं, तेव्हापासून तो आमचाच झाला. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला मास्तर. खुरपं आणि लोखंडी पाइपचा तुकडा घेऊन तो असा खड्डा करायचा की कड सुरीनं कापल्यासारखी. दुसऱ्या कुणी हात लावला तर वाळू ढासळायची. त्यामुळे दर रविवारी जिंकणारा बोट दाखवायचा आणि भाऊ गुडघ्यावर बसून खणायचा.

खेळात मात्र तो अगदी कच्चा. ताकद भरपूर, दिशा नाही. चेंडू उजवीकडे बेशरमाच्या झुडपात जायचा आणि तो काठीवर टेकून शांतपणे म्हणायचा, “गेला बेशरमात.” दर रविवारी तो शेवटी यायचा, दर रविवारी त्याची सूट एकनं वाढायची, आणि वाढत वाढत बाराला येऊन थांबली. कारण सूट वाढण्याची हद्द बारा होती. हद्द मी ठरवली होती. एका खड्ड्याला एक, याहून जास्त सूट दिली तर खेळाला अर्थ काय, असा माझा सवाल होता. बारा मिळूनही तो चार-पाच फटक्यांनी मागे राहायचा. वर्षानुवर्षं तो क्लबात होता आणि एकही रविवार जिंकला नव्हता. क्लबात असा तो एकटाच.

“मास्तर,” तो एकदा पोहे खाता खाता म्हणाला, “मले कप नको, काई नको. एक रविवार मी सांगीन तिथं खड्डे. बास.”

“कुठं करणार?” डॉक्टरांनी विचारलं.

“ते जितल्यावर सांगीन. आत्ता सांगितलं त तुमी करसान तसे.”

सगळे हसले. तोही हसला, पण थट्टेत म्हणाला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, मधल्या सुट्टीत, हातात मेथीच्या दोन जुड्या. मला वाटलं मुलाच्या दाखल्याचं काम असेल. व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, “मास्तर, ते बारा हायेत ना, त्याचे पंधरा करता येत नाई का? वहीत त लिहायचं हाये. कोनाचं काय जाते?”

कुणाचं काही जात नव्हतं. साहेबांना चाललं असतं, डॉक्टरांनी तर आधीच सुचवलं होतं. मी त्याला सांगितलं, “भाऊ, नापास पोराला ग्रेस मार्क देतो, त्यालाही हद्द असते. तुमच्यासाठी नियम बदलला तर मग वही कशाला ठेवायची?” हे मी त्याला असं समजावून सांगितलं की जणू त्याच्या भल्याचंच सांगतोय. त्यानं मान डोलवली. “बरोबर हाये,” म्हणाला. मेथी मात्र ठेवून गेला. ती मी घरी नेली आणि खाल्ली.

आणि मग तो रविवार आला.

दिवाळी होऊन गेली होती, माळावर पहाटेचा गारवा होता, कडेच्या शेतांत तूर उभी होती. त्या दिवशी जोड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या तर माझी जोडी भाऊबरोबर, आणि आमचा नंबर शेवटचा. आमच्याकडे पद्धत अशी की जोडीतल्या प्रत्येकानं दुसऱ्याचं कार्ड लिहायचं आणि शेवटी ज्याचं कार्ड त्यानं सही करायची. म्हणजे त्याचे फटके मी मोजत होतो, माझे तो.

पहिल्या फेरीत त्याचा एकही चेंडू बेशरमात गेला नाही. मी गंमत म्हणून बघत होतो. दुसऱ्या फेरीत गंमत राहिली नाही. असं एखाद्या दिवशी होतं, माणसाला का कळत नाही, सगळं सरळ जातं. तो बोलत नव्हता, पाणी पीत नव्हता, एक खड्डा झाला की पुढच्याकडे चालायला लागायचा. आमच्या आधीचे सगळे खेळून कार्डं देऊन बसले होते आणि त्यांचे आकडे आम्हाला ओरडून कळले होते. त्यातलं कुणी आमच्या जवळपास नव्हतं. जिंकणार तर आम्हा दोघांतला एक. शेवटचा खड्डा राहिला तेव्हा सूट धरून भाऊ माझ्यापेक्षा दोन फटक्यांनी पुढे होता.

मी शेवटचा खड्डा चार फटक्यांत संपवला. त्याचे चार झाले आणि चेंडू वाळूवर, खड्ड्यापासून दोन वितींवर थांबला. पाचव्या फटक्यात तो आत घातला की एका फटक्यानं तो जिंकला. दोन विती. शाळेतल्या पोरानं पायानं ढकलला असता.

आमच्या वहीत एक नियम होता. चेंडू मारण्याआधी काठी नेम धरताना चुकून चेंडूला लागली तर एक फटका दंड. तो वाळूवर वाकला, काठी चेंडूमागे टेकवली, पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली. मी त्याच्याकडे बघत नव्हतो. मी हातातल्या कार्डावर बेरीज करत होतो. बेरीज एका फटक्यानं त्याच्या बाजूनं येत होती, पुन्हा केली तरी तशीच येत होती. आणि माझ्या तोंडून गेलं, “भाऊ, लागली.”

तो तसाच वाकलेला थांबला. “काय?”

“काठी. चेंडूला लागली.”

त्यानं चेंडूकडे पाहिलं, काठीच्या टोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “लागली का?”

“लागली.”

“मंग लिहा एक,” तो म्हणाला.

मी लिहिला. आता चेंडू आत घातला तर बरोबरी होती, अजूनही तो हरला नव्हता. पण त्याचं चित्त ढळलं. दोन वितींवरून त्यानं मारलेला चेंडू खड्ड्याच्या कडेवरून निघून गेला. पुढच्या फटक्याला आत गेला. एका फटक्यानं मी जिंकलो. त्यानं माझ्या पेननं कार्डावर सही केली, मराठीत, सावकाश, पूर्ण नाव.

मी काठी लागलेली पाहिली नव्हती. हे मला त्या वेळीही पक्कं माहीत होतं. लागली असेलही, नसेलही. मला हवी होती म्हणून ती लागली. का हवी होती याचं उत्तर लाजिरवाणं आहे, पण देऊन टाकतो. मी तोवर पुष्कळ रविवार जिंकले होते, अजून एकाचं मला काही अप्रूप नव्हतं. पण ज्याच्या हरण्यावर आम्ही पोहे खाता खाता हसायचो त्याच्याकडून हरणं मला सोसलं नसतं. बस, एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं.

सावलीत गेलो तर साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “अरे, जितता जितता राह्यला बे!” डॉक्टरांनी त्याला पोह्यांची मोठी प्लेट दिली. मग पद्धतीप्रमाणे नवे खड्डे करायचे होते. मी वाळूवर फिरलो, बोट दाखवलं. इथं, भाऊ. इथं. आणि हा इथं. तो खुरपं घेऊन माझ्या मागे मागे आला, प्रत्येक ठिकाणी गुडघ्यावर बसला आणि नेहमीसारखे नीट खड्डे केले. एकदाही वर पाहिलं नाही. मला वाटत होतं त्यानं काहीतरी बोलावं, निदान एखादी कड तरी वाकडी करावी. सहाही खड्डे सारखे गोल झाले.

पुढच्या रविवारी तो आला, त्याच्या पुढच्याही. माझ्याशी तसाच बोलायचा, गाडीला भाजीची पिशवी तशीच अडकवून द्यायचा. फरक एकच पडला. नेम धरताना तो काठी चेंडूपासून चार बोटं मागे ठेवायला लागला, लागू नये म्हणून. तिथून चेंडू नीट बसतच नाही. आधी होता त्याहून त्याचा खेळ वाईट झाला. सगळ्यांनी सांगून पाहिलं, “जवळ धर ना बे, काऊन इतकी दूर धरतो?” तो नुसता मान हलवायचा. मी कधी सांगितलं नाही. सांगायला तोंड कुठं होतं?

साहेबांची बदली झाली. जाताना काठ्यांची एक पिशवी ठेवून गेले. वर्षभरानं मी त्यांना फोन केला होता, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणून विचारलं की, साहेब, नेम धरताना काठी चेंडूला लागली तर दंड किती? ते म्हणाले, “लागली तर? नुसती लागली अन् चेंडू जागचा हलला नाही, तर कसला दंड? तुम्ही वहीत काय लिहिलं होतं?” मी विषय बदलला. झेरॉक्स अजून माझ्याकडे होती. काढून पाहिली. हलण्याबद्दलचं वाक्य दोन ओळींत मोडलं होतं आणि त्यातली दुसरी ओळ मी भाषांतरात सोडून दिली होती. वर्षानुवर्षं आम्ही माझ्या चुकीचा नियम पाळत होतो, आणि तो मोडला की नाही हे न पाहताच मी त्याच्यावर लावला होता.

मग एका सकाळी भाऊ वांग्याच्या वाफ्यात पडला. उजवी बाजू गेली. त्याला आधी चिखलीला नेलं, तिथून पुढे. महिनाभरानं घरी आणला, बोलणं थोडं परत आलं, उजवा हात आलाच नाही. आम्ही क्लबातले चौघं-पाचजण फळं घेऊन भेटायला गेलो, खुर्च्यांवर बसलो, हवापाण्याचं बोललो आणि उठलो. त्या आधीच रविवारी माणसं कमी झाली होती, आता खड्डे करायलाही कुणी राहिलं नाही. दोन-तीन रविवार जुन्याच ढासळलेल्या खड्ड्यांत खेळलो आणि मग कुणी ‘उद्या कोण कोण?’ विचारलं नाही. माळावर आता गाजरगवत आहे. वाळूच्या जागी मात्र ऑइलमुळे अजून काही उगवत नाही, काळे डाग पडल्यासारखे गोल दिसतात. भाऊला खड्डे कुठं करायचे होते, ते कुणालाच कळलं नाही.

निवृत्त होऊन मी चिखलीत राहायला आलो. हे सगळं विसरण्यासाठी भरपूर वेळ मिळाला आणि मी त्या वेळात फक्त हेच आठवत बसलो. गेल्या हिवाळ्यात एक दिवस उठलो, एसटी धरली आणि सुलतानपूरला गेलो. मला वाटत होतं सांगून टाकलं की हलकं होईल. कुणाचं हलकं होईल, याचा विचार केला नव्हता.

तो अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी ठेवल्यासारखा. मला पाहून त्याचं तोंड एका बाजूनं हसलं. वहिनींनी चहा आणला आणि तिथंच पायरीवर मेथी निवडत बसल्या. थोडा वेळ शेताचं झालं, पोराचं झालं. मग मी म्हणालो, “भाऊ, तो रविवार आठवतो? काठी लागली होती तो?”

“हाव,” तो म्हणाला.

“मी पाहिलं नव्हतं. मी चेंडूकडे बघतच नव्हतो. तुम्ही जिंकाल म्हणून मी नुसतं बोललो.”

त्यानं शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो. शिव्या बऱ्या पडल्या असत्या.

“म्हंजे लागली नव्हती?” त्यानं विचारलं. शब्द सावकाश यायचे, पण स्पष्ट होते.

“ते तुम्हालाच माहीत, भाऊ. काठी तुमच्या हातात होती.”

“माह्या हाताले त काईच समजलं नव्हतं,” तो म्हणाला. “मले वाटलं, नाई लागली. पण तुमी म्हणले लागली. तुमी कायले खोटं बोलसान? तुमी नियम लिहिणारा माणूस. मंग मी म्हटलं, लागली असन, आपल्याच हाताले कळलं नसन.” डाव्या हातानं त्यानं उजवा हात उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. “हे झालं तवा मोठ्या दवाखान्यात इचारलं, पयले कधी हात बधिर वाटला होता का? मी म्हटलं हाव. वाळूवर. काठी चेंडूले लागली अन् मले समजलंच नाई. तवापासूनच सुरू झालं असन, तवाच दाखवाले पाह्यजे होतं, असं हिले रोज सांगतो मी. माहीच चूक झाली म्हणतो.”

मी त्याच्या मांडीवरच्या त्या हाताकडे बघत बसलो.

“मंग तवा हात चांगला होता ना, मास्तर?”

“हो, भाऊ. चांगला होता.”

“आयकलं का,” त्यानं वहिनींकडे वळून म्हटलं, आणि त्याच्या आवाजात खरोखर आनंद होता, “मास्तर काय म्हणून राह्यले? हात चांगला होता म्हणते.”

वहिनी उठल्या. माझ्यापुढचा चहाचा कप अजून भरलेला होता. त्यांनी तो उचलला आणि आत नेला.